तेरवीला वाटलेलं बी

कार्तिक लागला की रायपुरात सकाळी चादर लागते आणि दुपारी पंखा. धड थंडी नाही, धड गरमी नाही. याच दिवसांत भाजीवाल्यांच्या टोपल्यांत शेपूच्या पहिल्या जुड्या येतात. इथले लोक शेपूला सोवा म्हणतात. परवा बूढ़ातालाबाच्या कडेनं घरी येत होतो, तर एका टोपलीतून तो वास आला आणि मी रस्त्यातच थांबलो. मागून स्कूटरवाल्यानं हॉर्न दिला. मी त्याला शिवी दिली. तो म्हणाला, "चाचा, मरना है क्या?" मी म्हटलं, "तुझ्या हातून नाही."

माणसाला आठवण आली की डोळे भरून येतात म्हणे. मला राग येतो. बायकोला जाऊन वर्ष झालं. या वर्षात रडलो असेन तीन-चारदा, तेही कांदा कापता कापता उरकून घेतलं. राग मात्र रोज येतो, आणि शेपूचा वास आला की जास्त येतो. त्याचं कारण सांगतो. सहावीपर्यंत शिकलेला माणूस आहे मी, मला फिरवून सांगता येत नाही.

माझ्या बायकोकडे, सिंधूकडे, शेपूचं बी होतं. बाजारातलं नाही. काटोलकडच्या तिच्या आईनं लग्नाच्या वेळी पदराच्या गाठीत बांधून दिलेलं. ते बी एक्केचाळीस वर्षं आमच्या घरामागच्या वाफ्यात दर कार्तिकात मातीत गेलं आणि दर फाल्गुनात परत डब्यात आलं. मागच्या वर्षी सिंधू नवरात्रात गेली, पेरणीच्या आधी. बी सगळंच्या सगळं डब्यात होतं. आणि तिच्याच तेरवीला, जेवण झाल्यावर, लोकांनी ते सौंफ, म्हणजे बडीशेप, समजून खाल्लं.

आमचं घर बूढ़ापाऱ्यात, गल्लीच्या आत. पुढं दोन खोल्या, मागं दोन खाटा मावतील एवढं आंगण. आंगणाच्या एका अंगाला नाली, भिंतीच्या कडेकडेनं जाणारी, आणि दुसऱ्या अंगाला तिचा वाफा. त्या वाफ्यात काहीही लावलं असतं तर मी बोललो नसतो. पण शेपू मला सहन होत नव्हता. शेपू खाल्ला की दिवसभर त्याचीच ढेकर येते. मी पंडरीच्या कापड बाजारात चाळीस वर्षं एका दुकानात होतो. गिऱ्हाईकासमोर साडीचा पदर उलगडून धरायचा आणि तोंडातून शेपू बाहेर, हे काही बरं नाही. सेठ म्हणायचा, "आज फिर वही खा के आया?" एक दिवस एका बाईनं साडी सोडून नाकाला रुमाल लावला. त्या दिवशी घरी येऊन मी ताट सरकवलं. म्हटलं, "आजपासून हे गवत माझ्या ताटात वाढायचं नाही."

सिंधू हसली. म्हणाली, "तुमच्या सेठले सांगा, तुमची ढेकर लागली तं साड्यांले कसर नाही लागनार."

त्यानंतर तिनं वाढलं नाही. पण लावणंही सोडलं नाही. माझं जेवण झालं की ती लहान गंजात, म्हणजे पातेल्यात, आपल्यापुरती भाजी टाकायची, मुगाची डाळ आणि भरपूर लसूण घालून. वास सगळ्या घरात. मी मुद्दाम उठून, तिला दिसेल असं, खिडकी उघडायचो. ती म्हणायची, "उघडा, उघडा. गल्लीतल्या लोकांचंही भलं होऊ द्या." अशी तीस-पस्तीस वर्षं खिडकी उघडली. कधी विचारलं नाही, तुला एकटीला जेवायला आवडते का म्हणून.

तिचं पेरणं मला पाठ आहे. शिकलो नाही, नुसतं पाहिलं. दसरा झाला की ती खुरपीनं माती मोकळी करायची, कुजलेलं शेणखत मिसळायची, आणि मग उकिडवं बसून तर्जनीनं ओळी ओढायची. बोटाचं पहिलं पेर अर्धं बुडेल एवढीच ओळ. त्यात बी सोडायची चिमटीनं, मीठ सोडल्यासारखं. वरून माती नुसती फुंकर मारल्यागत. पाणी हातानं शिंपडायची. एका टोकाच्या ओळीला काडी रोवून लाल चिंधी बांधायची. ती ओळ कापायची नाही, ती बियाची. पाहुणे येवोत, सण असो, चिंधीच्या ओळीतली काडीसुद्धा कोणी तोडायची नाही. एकदा मीच रागारागात पाय ठेवला होता त्या ओळीत. तीन दिवस बोलली नाही माझ्याशी. तेव्हा वाटलं, गवतासाठी नवऱ्याशी अबोला धरते, काय बाई आहे.

तिच्या पेरणीच्या वेळी आणखी एक बाई तिथं असायची. बिसाहिन. छत्तीसगढ़ी बाई, डोक्यावर टोपली घेऊन आमच्या गल्लीत भाजी विकायची. सकाळची फेरी झाली की मागच्या दारानं येऊन वाफ्याच्या कडेला बसायची, चहा प्यायची, आणि दोघी काय बोलायच्या ते त्यांनाच ठाऊक. एक मराठी बोलायची, एक छत्तीसगढ़ी, आणि दोघींना सगळं समजायचं. सिंधूला ती दाई, म्हणजे आई, म्हणायची आणि मला बबा. मी तिच्याशी जास्त बोलत नसे. मला वाटायचं, फुकटच्या चहासाठी येते.

थंडीभर शेपू कापून कापून उरला की तो सिंधू वाळवायची. उन्हात नाही. मागच्या खोलीत, खाटेवर मी आणलेलं मलमलचं कटपीस अंथरून, त्याच्यावर पातळ पसरून, खिडकी अर्धी लावून. रोज संध्याकाळी हातानं वर-खाली करायची. चार-पाच दिवसांत पानं कुरकुरीत व्हायची, पण हिरवी राहायची. मग बरणीत. वैशाखात बाहेर भाजी जळून गेलेली असे, तेव्हा ती बरणी उघडायची, मुंगवड्यांत टाकायची, वरणात टाकायची, तिच्या वरणात. आणि बी काढायचं ते फाल्गुनात, पहाट सरल्यावर लगेच, दव असताना. चिंधीच्या ओळीतले तुरे तपकिरी झाले की हळूच कापून, कापडात उलटे बांधून टांगायचे. मग सुपात पाखडायचं, सुकलेला कडुनिंबाचा पाला घालून बिस्किटाच्या डब्यात भरायचं. संजू, आमचा मुलगा, झाला तेव्हा तिच्या आईनं याच बियाची धुरी दिली होती तिला, याच बियाचं पाणी पाजलं होतं. बाळंतशेपा. दूध यायला चांगला म्हणतात. संजू त्याच दुधावर वाढला.

आता तेरवीचं सांगतो.

पंगत उठली होती. पुरुष पुढच्या खोलीत, बाया मागच्या आंगणात. मी भिंतीला टेकून बसलो होतो. मुंडण केलेलं, डोक्याला पंख्याचा वारा लागून राहिला होता. सिंधूची धाकटी बहीण, बेबी, नागपूरहून आलेली, दारात येऊन म्हणाली, "भाऊजी, सौंफ कुठं हाय?"

मी म्हटलं, "वरच्या फळीवर पाह्य. बिस्किटाच्या डब्यात."

हे मी म्हटलं. पुढं कितीतरी महिने मी बेबीला नावं ठेवली. ताटात न पाहता वाढणारी बाई म्हटलं तिला, नागपूरला फोन करून म्हटलं. पण डबा मी सांगितला. एक्केचाळीस वर्षांत मी त्या स्वयंपाकघरातला एक डबा उघडला नव्हता. पाणी मागितलं की पाणी यायचं, सौंफ मागितली की सौंफ यायची. फळीवर सिंधू काहीतरी दाणेदार भरताना एकदा दिसली होती, तेवढ्यावर मी छातीठोक सांगितलं. बायको मरून तेरा दिवस झाले आणि घर माहीत असल्याचा आव आणला.

बेबीनं ते बी ताटात ओतलं, खडीसाखर मिसळली आणि ताट फिरवलं. शेपूचं बी चपटं, तपकिरी, कडेला बारीक पांढरी किनार. सौंफ हिरवी, लांबट. मी चाळीस वर्षं किनारी पाहून माल ओळखला. पण कोणी ओळखलं नाही तिथं. सगळे चिमटी भरून घेऊन राहिले होते. शेजारचे शुक्लाजी चावता चावता थांबले, तोंड जरा वाकडं झालं, मग म्हणाले, "बढ़िया है. पाचक है." आणि शिष्टाचारानं आणखी एक चिमटी घेतली. माझ्या जुन्या दुकानातला एक जण रुमालात थुंकला आणि रुमाल खिशात ठेवला. असे सभ्य लोक. एक जण तरी म्हणायला पाहिजे होतं की काय कडू-तिखट चारून राहिला रे बाबा तू आम्हाले.

ताट माझ्यासमोर आलं. वास आला.

मला समजलं. त्याच क्षणी समजलं. तोच वास, ज्याच्यासाठी मी खिडकी उघडत होतो. मी ताट धरून म्हणू शकलो असतो, थांबा, हे तिचं बी आहे. पण मग सगळ्यांसमोर सांगावं लागलं असतं की डबा मीच सांगितला आणि मला माझ्या घरातली सौंफ ठाऊक नाही. फटकळ म्हणून मी गल्लीत बदनाम आहे. शुक्लाजीला तोंडावर कंजूस म्हटलेला माणूस मी. त्या दिवशी माझं तोंड उघडलं नाही. एक चिमटी घेतली, चावली, गिळली. ताट पुढं गेलं.

मी हात धुवायला मागं गेलो. बेबी तिथं बायांना वाटून राहिली होती. बिसाहिन नालीजवळ बसलेली. तिच्या तळहातावर बी पडलं. तिनं ते हातावर पसरून पाहिलं, नाकाजवळ नेलं, आणि मोठ्यानं म्हणाली, "ए सोंफ नोहय ओ. सोवा के बीजा आय. दाई के बीजा आय. खाय बर नोहय, बोंय बर आय." खायचं नाही, पेरायचं आहे.

सगळ्या बाया तिच्याकडे पाहायला लागल्या, आणि मग माझ्याकडे. एकटी खरं बोलली ती. आणि माझं तोंड, जे पुढच्या खोलीत बंद होतं, ते तिच्यावर उघडलं. मी म्हटलं, "तुले दिलं ना? खा, नाही तं फेक. भाषण नको देऊ इथं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. बेबीच्या हातातल्या ताटात तळाशी जे उरलं होतं तेही तिनं मुठीत घेतलं, आणि माझ्याकडे पाठ करून नालीच्या कडेला वाकली. मी आत निघून गेलो. नंतर बाहेर आलो तर ती नव्हती. ताटात खडीसाखर उरली होती. डब्यात कडुनिंबाचा पाला.

त्या संध्याकाळी मी नालीत हात घालून पाहिला. चिखल आणि भाताची शितं. बस. तेव्हापासून मी गल्लीभर सांगत सुटलो की बिसाहिननं माझ्या बायकोचं उरलंसुरलं बी नालीत फेकलं. शुक्लाजीला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं. 'फेक' मीच म्हटलं होतं, ते कोणाला सांगितलं नाही. तिच्या कानावर गेलंच असेल. ती आमच्या गल्लीत यायची बंद झाली.

संजू तेलीबांध्याकडे फ्लॅटमध्ये राहतो, नवा रायपूरच्या ऑफिसात जातो. त्याला मराठी समजते, बोलतो हिंदीत. म्हणाला, "बाबा, बीज ही तो है. ऑनलाइन मँगवा देता हूँ, दो दिन में आ जाएगा."

मी म्हटलं, "तुझी आई पण मागव मग. दोन दिवसांत येईल."

तो गाडीची चावी उचलून गेला. वाईट बोललो. पण ज्या बियाच्या दुधावर तो वाढला ते त्याला कोणत्याही पाकिटातलं चालणार होतं, हे मला सहन झालं नाही. पाकीट मात्र आलं. वर शेपूचा मोठा रंगीत फोटो. मी रागानंच वाफ्यात ओतलं, खोल पुरलं, बादलीनं पाणी घातलं. तरी उगवलं थोडं. लांबट, फिकट, वीतभर काड्या. मी ते कापून गच्चीवर कडक उन्हात वाळवलं, मिरच्या वाळवतात तसं. तिसऱ्या दिवशी त्याचं गवत झालं होतं, राखेच्या रंगाचं. वास नाही. ओली भाजीही केली एकदा, डाळ घालून, लसूण घालून, करपवून. खाल्ली. दिवसभर वाट पाहिली. ढेकर आली नाही. शेपूची भाजी आणि ढेकर नाही. मी कढईसकट बाहेर ठेवली, कुत्र्यानं हुंगून सोडली.

सिंधूचाही राग आला तेव्हा. काहून एकाही डब्यावर नाव लिहिलं नाही हिनं. काहून मला एकदा हाताला धरून फळीसमोर उभं केलं नाही, हे जिरं, हे ओवा, हे माझं बी. मग स्वतःलाच उत्तर दिलं. उभं केलं असतं तर मी म्हटलं असतं, मला काय करायचं आहे.

मार्गशीर्षात संजू म्हणाला, मागं टाइल्स लावून घेऊ, चिखल नको, तुम्ही घसरून पडाल. मी म्हटलं, लाव. माझं काय होतं तिथं आता. तेरवीच्या त्या संध्याकाळनंतर मी वाफ्यापलीकडे, नालीच्या बाजूला, गेलोच नव्हतो. चूळसुद्धा पुढच्या नळावर भरायचो. टाइल्सवाला आला मापं घ्यायला. त्यानं नालीच्या बाजूनं, भिंतीच्या कडेला, या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत दोरी ताणली आणि मला हाक मारली, "चाचा, ये हरा-हरा क्या लगा रखे हो? निकाल दूँ?"

मी गेलो. नालीच्या काठापासून वीतभर आत, ओल धरलेल्या मातीत, शेपू उगवला होता. वीत-दीड वीत उंच, गर्द हिरवा, केसांसारख्या पानांचा. मी वाकलो. दोरीकडे पाहिलं, शेपूकडे पाहिलं.

चाळीस वर्षं मी कापड सरळ फाडलं आहे. सरळ काय आणि वाकडं काय, हे मला डोळे मिटून समजते. शेपू दोरीच्या खाली, दोरीच्या बरोबर चालला होता. भिंतीच्या कोपऱ्यापासून पुढं सरळ एक ओळ. रोपाला रोप. फेकलेलं बी ओळीत उगवत नाही. वाकून, बोटानं रेघ ओढून, चिमटीनं सोडल्याशिवाय अशी ओळ येत नाही. आणि एका टोकाला, काडी मिळाली नसेल म्हणून, एक लहान दगड उभा रोवला होता.

मी टाइल्सवाल्याला म्हटलं, "दोरी काढ."

"चाचा, माप तो लेने दो."

"दोरी काढ अन् घरी जा. संजूले मी सांगतो."

तो गेल्यावर मी तिथंच बसलो. खूप राग आला. एवढा राग आयुष्यात कोणाचा आला नाही. मी तिला फेक म्हणून राहिलो होतो आणि ती पेरून राहिली होती, माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याकडे पाठ करून. आणि नंतर एक शब्द बोलली नाही. मी गल्लीभर तिचं नाव खराब केलं, तरी येऊन म्हणाली नाही की जाऊन पाहा तुझ्या नालीजवळ. एका शब्दानं माझे दोन महिने वाचले असते. पण तो शब्द मीच तिच्या तोंडात कोंबला होता, भाषण नको देऊ म्हणून.

एक पान तोडलं. फक्त एक. तोंडात टाकलं. संध्याकाळपर्यंत ढेकर येत राहिली. मी ढेकर देत बसलो.

मग मी ती ओळ राखली. सगळी. एक काडी कापली नाही. शुक्लाजी भिंतीवरून डोकावून म्हणाले, "भाऊ, सोवा अच्छा आया है, थोड़ा हमें भी." मी म्हटलं, "तुमचा वाटा तेरवीला खाल्ला तुम्ही." ते कसंनुसं हसले. फाल्गुनात तुरे तपकिरी झाले. पहिल्या दिवशी मी दुपारी कापायला गेलो, मूर्खासारखा. हात लावला की बी झडून मातीत. मग आठवलं, दव. दुसऱ्या दिवशी उजाडल्या उजाडल्या गेलो. तुरे ओलसर होते, एक दाणा सांडला नाही. मलमलच्या तुकड्यात उलटे बांधून मागच्या खोलीत टांगले. सुपात पाखडताना अर्ध्याहून जास्त माझ्याच अंगावर आलं, पण जमलं.

त्यातलं एक मूठ पुडीत बांधलं आणि बिसाहिनला शोधायला निघालो. ती आता तालाबाच्या रस्त्यावर बसते, असं दूधवाल्यानं सांगितलं होतं. सापडली. टोपलीत लाल भाजी, चेच भाजी. मला पाहून तिनं पाणी शिंपडणं थांबवलं नाही.

मला माफी मागता येत नाही. सिंधूकडेही कधी मागितली नाही. मी पुडी तिच्या टोपलीच्या काठावर ठेवली आणि म्हटलं, "बी आलं."

"जानत हंव," ती म्हणाली. "बोंय रेहेंव त आही नइ?"

पेरलं तर येणारच. एवढं सरळ. मी उभाच. एक बाई येऊन भाजी घेऊन गेली. मग मी म्हटलं, "तू घरी काहून नाही नेलं? तुझ्या घरी पेरलं असतं. मी तं तुले तसं बोललो होतो."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, "मोर घर माटी कहाँ हे, बबा? सीमेंट हे. माटी तो दाई के घर म रिहिस."

माती दाईच्या घरी होती, म्हणून. दुसरं काही कारण नाही. मी काहीतरी मोठं ऐकायला गेलो होतो बहुतेक. ती म्हणाली, "गल्ली म सब झन ला कहे हस, बिसाहिन फेंक दिस. अब जा के सब झन ला बता." आता जाऊन सगळ्यांना खरं सांग, म्हणे. आणि पुन्हा भाजीवर पाणी शिंपडायला लागली.

सांगितलं. दूधवाल्याला सांगितलं, शुक्लाजीला सांगितलं, बेबीला नागपूरला फोन करून सांगितलं की डबा मी दाखवला होता आणि 'फेक' मी म्हटलं होतं. बेबी फोनवर रडली. म्हणाली, "भाऊजी, मले माहीत होतं. मी तेव्हाच नाही बोलली, तुमचं डोकं फिरलेलं होतं." पाहा, तीही गप्प. माझ्या रागापायी किती लोक गप्प बसले होते, हे मला सत्तरी पार केल्यावर समजून राहिलं.

टाइल्स लागल्या नाहीत. संजूला मी आंगणात आणून ती जागा दाखवली. "इथं तुझ्या आईचं बी पेरलं होतं," म्हटलं. तो वाकून ती माती पाहायला लागला. मग म्हणाला, "उस दिन आपने जो कहा था ना बाबा, आईवाला..." मी म्हटलं, "चूक झाली." दोनच शब्द.

या वर्षी दसरा झाल्यावर बिसाहिन मागच्या दारानं आली. मी बोलावलं नव्हतं. वाफ्याच्या कडेला बसली. मी चहा केला, जास्त साखरेचा, आणि आणून दिला. मग खुरपी घेतली. गुडघे वाजले. बोटानं ओळ ओढायला घेतली. कात्री धरणारा हात, त्याला मातीची सवय नाही. ती चहा पीत पाहत होती.

"टेड़गा हे, बबा," ती म्हणाली. वाकडी आहे.

"तू चहा पी."

"गहिर घलो हे." खोल पण आहे.

मी माती काढून ओळ उथळ केली. वाकडी तशीच राहिली. चिमटीनं बी सोडलं. बोटांतून कुठं जास्त पडलं, कुठं पडलंच नाही. एका टोकाला काडी रोवली आणि सिंधूच्या जुन्या लाल लुगड्याची चिंधी बांधली. बिसाहिन उठताना म्हणाली, "ढेंकरहा भाजी ए बबा. अब खाबे?" ढेकरांची भाजी आहे, आता खाशील का.

मी चिंधीची गाठ पक्की केली. माझा राग गेलेला नाही. सिंधूवर आहे, की ती आधी गेली. माझ्यावर आहे, आणि तो राहणार. रस्त्यावर तो वास आला की अजूनही डोकं फिरते. फक्त यंदा शेपू शिजला की मी ती खिडकी लावून घेणार आहे, वास घरातच राहावा म्हणून.

आज सकाळी पाहिलं. उगवलं आहे. ओळ वाकडी आहे. माझ्या हातची आहे.